जुन्या वर्तमानपत्राचा झगा: डिओरच्या एका शोचं प्रकरण

जानेवारी 2000 मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर, म्हणजे मापाने हातशिवण केलेल्या महागड्या कपड्यांच्या, आठवड्यात ख्रिस्तियन डिओर या फॅशन घराण्याचा शो झाला. त्यात मॉडेलांच्या कमरेला मागच्या बाजूने टिनचे पेले लटकत होते. अंगावर वर्तमानपत्राच्या मजकुराचे झगे, कडेने धागे सुटलेले. कुठे व्हिस्कीच्या हिरव्या, चिमुकल्या, रिकाम्या बाटल्या, कुठे बाटल्यांची बुचं, कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे, सेफ्टी पिना. अस्तर फाटून बाहेर आलेलं, लेबल उलट्या बाजूला. डिओरचा तेव्हाचा मुख्य डिझायनर जॉन गालियानो याने सांगितलं की सेन नदीच्या काठाने पळायला जाताना पुलांखाली राहणारी बेघर माणसं त्याला दिसत आणि हे कपडे तिथून सुचले. त्यांचा खांद्यावर नुसता टाकलेला कोट, एका बाजूला कललेली टोपी याचं त्याला मनापासून कौतुक होतं.

पुढच्या काही दिवसांत बेघरांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी डिओरच्या दारात निदर्शनं केली आणि दंगल-नियंत्रण पोलीस बोलवावे लागले.

गालियानोच्या गाजलेल्या शोंची यादी करायची तर बरीच लांबेल. ऑपेरा गार्निए, ओस्तरलिट्झ स्टेशनात शिरलेली वाफेच्या इंजिनाची गाडी, व्हर्साय, इजिप्तच्या देवांचे मुखवटे. या सगळ्यांपेक्षा मला हा एक शो जास्त बोलका वाटतो. कपड्यांची कारागिरी, कंपनीचा हिशेब, लोकांचा राग आणि त्या रागाची पुढे झालेली विक्री हे सगळं यात एकाच ठिकाणी सापडतं. अकरा वर्षांनी याच घराण्याने याच माणसाला आठवड्याभरात घराबाहेर काढलं. ते समजून घ्यायलाही आधी हे प्रकरण नीट पाहावं लागतं.

आधीचं थोडं

गालियानोचा जन्म 1960 चा, जिब्राल्टरचा. वडील प्लंबर, आई स्पॅनिश. सहा वर्षांचा असताना कुटुंब दक्षिण लंडनमध्ये आलं. सेंट मार्टिन्स या कला महाविद्यालयातून तो 1984 मध्ये बाहेर पडला तेव्हा त्याने फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या छानछोक्यांवर आठ पोशाखांचा संग्रह केला होता. लंडनच्या ‘ब्राउन्स’ या दुकानाच्या जोन बर्स्टाइन यांनी तो सगळाच्या सगळा विकत घेतला. अशी सुरुवात कुणाच्या नशिबी येत नाही. पण व्यवहार त्याला कधी जमला नाही. पैसे लावणारे एकामागून एक गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो पॅरिसला आला तेव्हा मित्रांच्या घरी जमिनीवर झोपत होता.

मार्च 1994 मधला त्याचा शो आज दंतकथा झाला आहे. खिशात पैसे नाहीत, हंगाम चुकण्याची वेळ आलेली. अमेरिकन ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या ॲना विंटूर आणि आंद्रे लिऑन टॅली यांनी खटपट करून पैसेवाला माणूस मिळवून दिला. साओ श्लुम्बर्जे या श्रीमंत बाईंची पॅरिसमधली रिकामी हवेली वापरायला मिळाली. निमंत्रण म्हणून गंजक्या किल्ल्या पाठवल्या होत्या. आत वाळकी पानं पसरलेली, झुंबरं आडवी पडलेली, सोडून दिलेल्या घरासारखा देखावा. केट मॉस, नाओमी कॅम्बेल, लिंडा इव्हान्जेलिस्टा अशा त्या काळातल्या सगळ्यात महाग मॉडेल फुकट चालल्या. पोशाख जेमतेम सतरा-अठरा. बहुतेक काळे, कारण एका बाजूने साटिनची चकाकी असलेलं काळं क्रेप तेवढं परवडत होतं.

हे कपडे जवळून पाहिले की या माणसाचं खरं कसब कशात होतं ते कळतं. तो कापड उरेब कापायचा. आपल्याकडे शिंपी गळ्याला लावायला उरेब पट्टी कापतात ती कापडाच्या उभ्याआडव्या धाग्यांना तिरकी, पंचेचाळीस अंशांत. तिरक्या कापडाला ताण येतो, ते वळणावर बसतं. गालियानो पट्टी नाही, अख्खा झगा उरेब कापत होता. असं कापड टेबलावर सरळ राहत नाही, शिवताना घसरतं, टांगून ठेवलं की स्वतःच्या वजनाने लांबतं, आणि घेर एका बाजूला लोंबायला लागतो. म्हणून ते आधी टांगून, खाली येईल तेवढं येऊ देऊन, मग घेर कापायचा असतो. मादलेन व्हिओने या बाईंनी 1920-30 च्या दशकांत ही पद्धत शिखरावर नेली होती. गालियानोने ती पुन्हा जिवंत केली. जमलं की चेन किंवा बटणांचा पसारा न घालताही झगा अंगावर ओघळल्यासारखा बसतो. पुढे त्याच्याबद्दल जे काही बोललं गेलं त्यात हे कसब कुणी नाकारलेलं मला आठवत नाही.

वर्षभरात चक्र फिरलं. 1995 मध्ये तो जिव्हाँशी या पॅरिसच्या फॅशन घराण्याचा प्रमुख झाला आणि 1996 मध्ये डिओरचा. दोन्ही घराणी उद्योगपती बर्नार्ड आर्नो यांच्या हातातली. जमिनीवर झोपणारा माणूस तीन वर्षांच्या आत फ्रान्सच्या सगळ्यात मोठ्या नावाच्या गादीवर बसला.

शोला पैसे कोण देतं आणि का

ओत कुत्यूर म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने, हाताने शिवलेले कपडे. फ्रान्समध्ये 1945 पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. वाटेल त्याला ते लावता येत नाही, पॅरिसमध्ये कार्यशाळा आणि कारागीर ठेवावे लागतात. असे कपडे घेणारी गिऱ्हाइकं जगभरात फार थोडी. त्या विक्रीतून वर्षातून दोनदा होणाऱ्या अशा शोचा खर्च निघणं कठीण. या शोचं काम रुखवतासारखं असतं. ते मांडायचं, लोकांनी डोळे विस्फारून पाहायचं, चर्चा करायची. कमाई होते ती अत्तर, पर्स, गॉगल, लिपस्टिक यांवर. डिओरने 1999 मध्ये ‘जादोर’ हे अत्तर बाजारात आणलं. त्याच सुमाराला गालियानोने घोड्याच्या खोगिराच्या आकाराची ‘सॅडल’ पर्स रॅम्पवर आणली आणि ती घेण्यासाठी झुंबड उडाली.

या गणितात शोवर टीका होणं म्हणजे नुकसानच असं नसतं. जुलै 1998 मध्ये ओस्तरलिट्झ स्टेशनात रेल्वेगाडीतून मॉडेल उतरवल्या तेव्हा हा फॅशन शो आहे की नाटक, असं म्हणणारे बरेच होते. मालकांना त्याचं काही वाटलं नाही. कपडे घालण्याजोगे नाहीत, ही तक्रार तर दर हंगामाला ठरलेली. बेघरांच्या शोपर्यंत त्या तक्रारीची सगळ्यांना सवय झाली होती.

रॅम्पवर नेमकं काय होतं

गालियानोने आपल्या प्रेरणा बऱ्याच सांगितल्या. नदीकाठची माणसं ही एक. युरोपातल्या उमरावांच्या जुन्या ‘चिंधी-मेजवान्या’ ही दुसरी, जिथे श्रीमंत लोक मुद्दाम भिकाऱ्यांच्या वेशात जमत. चार्ली चॅप्लिनचा भटक्या, डायान आर्बस यांची छायाचित्रं, इगॉन शीलेची चित्रं हेही होतं. शोच्या दुसऱ्या भागात वेड्यांच्या इस्पितळात रुग्णाला जखडायला वापरतात तसे बंद बाह्यांचे कोट आणि नर्तिकांचे फुललेले घागरे आले. त्या वेळी या भागावर फारसं कुणी बोललं नाही, सगळा राग पहिल्या भागावर गेला. आज शो झाला तर मला वाटतं उलट होईल.

पहिल्या भागातल्या गोष्टी एकसारख्या नाहीत, आणि टीकाकारांनी त्या सरसकट एकत्र केल्या असं माझं मत आहे. त्यांचे तीन थर आहेत.

एक, आतला भाग बाहेर काढलेला कपडा. अस्तर, टीप, कच्चे धागे, लेबल जे कधी दिसू नये म्हणून कारागीर जीव तोडून लपवतो ते सगळं वर. कुत्यूरच्या घरात हे करणं म्हणजे घराण्याने स्वतःचीच थट्टा करणं. यात बेघर माणसाचा काही संबंध नाही. जपानी रे कावाकुबो आणि बेल्जियन मार्टिन मार्जिएला हे दोघं डिझायनर ऐंशीच्या दशकापासून असं करत होते. मार्जिएलाने ऑक्टोबर 1989 मध्ये पॅरिसच्या गरीब वस्तीतल्या मुलांच्या खेळण्याच्या जागेत शो केला होता, त्या वस्तीतली पोरं मॉडेलांच्या बरोबरीने बागडत होती.

दोन, वर्तमानपत्र. थंडीत उघड्यावर झोपणारा माणूस अंगरख्याच्या आत खरंच वर्तमानपत्र घालतो, ऊब राहते म्हणून. म्हणजे हा त्याचा कपडाच आहे. आणि फॅशनमध्ये वर्तमानपत्र नवं नव्हतं. एल्सा स्कियापारेल्ली या डिझायनरने 1935 मध्ये स्वतःबद्दल छापून आलेली कात्रणं जोडून त्यांचं कापड छापून घेतलं होतं. कोपनहेगनच्या बाजारात कोळणींनी डोक्यावर वर्तमानपत्राच्या टोप्या घातलेल्या तिने पाहिल्या होत्या. गरिबाच्या जुगाडातून महागडं कापड, ही वाट गालियानोच्या आधी पासष्ट वर्षं पडलेली होती.

तीन, बाटल्या. माझ्या मते सगळं बिघडलं ते इथे. रिकामी व्हिस्कीची बाटली अंगावर घालायची वस्तू नाही. पेला एक वेळ ठीक, तो त्या माणसाचं सामान आहे. पण बाटली लटकवली की तुम्ही त्या माणसाच्या कपड्यांबद्दल बोलत नाही, त्याच्या चालीरीतीवर शेरा मारता. बेघर म्हणजे दारुडा, हा रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाने ऐकलेला शेरा. तो पॅरिसच्या सगळ्यात महाग शिवणकामातून, हसतखेळत मारला गेला. पुढे 2011 मध्ये न्यायालयात गालियानोने स्वतःच्याच दारूच्या आणि गोळ्यांच्या व्यसनाबद्दल सांगितलं, तेव्हा मला या चिमुकल्या बाटल्या आठवल्या होत्या.

राग कुणाचा, उत्तर कुणाला

‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मॉरीन डाऊड यांनी या शोवर तिखट स्तंभ लिहिला आणि प्रकरण फॅशनच्या पानांवरून मुख्य चर्चेत आलं. पॅरिसमध्ये निदर्शनं झाली. गालियानोचं पहिलं उत्तर चढं होतं: टीका करणारे बूर्झ्वा आहेत, त्यांना या माणसांकडे बघायचंच नसतं. मग सूर खाली आला आणि दुःखाचं प्रदर्शन मांडायचा हेतू नव्हता असं स्पष्टीकरण आलं.

पहिल्या उत्तरात थोडं तथ्य आहे. फ्रान्समध्ये भटकणं आणि भीक मागणं हे 1994 पर्यंत दंडसंहितेत गुन्हे होते. नवी संहिता लागू झाली ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, म्हणजे श्लुम्बर्जे हवेलीतला शो झाला त्याच महिन्यात. ज्या समाजाने या माणसांना कालपरवापर्यंत गुन्हेगार ठरवलं होतं, त्याने एका शिंप्यावर एवढं तुटून पडावं यात सोय नक्कीच होती. गालियानोने निदान त्यांच्याकडे पाहिलं होतं.

पण पाहणं आणि घेणं यात फरक आहे. त्याने सेनच्या काठावरून कोट घेतला, टोपी घेतली, वर्तमानपत्र घेतलं, आणि ज्याच्या अंगावरून घेतलं त्याला काही मिळालं नाही. शोचं उत्पन्न, निधी, निदान आधी एक संवाद, यातलं काही केल्याची नोंद नाही. चिंधी-मेजवान्यांचा दाखला तर उलट त्याच्याच विरोधात जातो. उमराव भिकारी बनून नाचत, त्या परंपरेचा पुढे काय शेवट झाला हे फ्रान्समध्ये शाळकरी पोरांनाही माहीत असतं. व्हर्सायच्या बागेत मारी आंत्वानेतने शेतकऱ्यांचं खोटं गाव बांधून घेतलं होतं, ते आजही पर्यटकांना दाखवतात.

आणि गरिबांचा राग डिओरच्या दाराशी पहिल्यांदा आला होता असंही नाही. 12 फेब्रुवारी 1947 रोजी ख्रिस्तियन डिओरने आपला पहिला संग्रह दाखवला. युद्धानंतर फ्रान्समध्ये कापड रेशनवर होतं आणि या साहेबाचे घागरे मीटरच्या मीटर कापड खात होते. मागे पैसा होता मार्सेल बुसाक या कापड गिरण्यांच्या मालकाचा. त्याच वर्षी मॉन्मार्त्रमधल्या रू लेपिकच्या बाजारात फोटोसाठी हे कपडे घालून आलेल्या मॉडेलवर बाजारातल्या बायका धावून गेल्या, तिचे कपडे ओढून फाडले. त्याचे फोटो आहेत. घराण्याच्या इतिहासात आज हा प्रसंग लाजेने नाही, ‘न्यू लूक’ (त्या पहिल्या संग्रहाला पडलेलं नाव) किती क्रांतिकारक होता याचा पुरावा म्हणून सांगितला जातो. लोकांचा राग पन्नास वर्षांत वारसा होतो, हे डिओरला अनुभवाने ठाऊक होतं.

कापड दुकानात आलं

या वेळी पन्नास वर्षं थांबावं लागलं नाही. त्याच वर्षी तयार कपड्यांच्या संग्रहात वर्तमानपत्राचं छापील कापड आलं. आता ते सुबक झालं होतं. ‘इंटरनॅशनल हेराल्ड ट्रिब्यून’च्या धर्तीची मांडणी, वर ‘ख्रिस्तियन डिओर डेली’ असं नाव, मजकुरात गालियानोचंच गुणगान. धागे सुटलेले नव्हते, बाटल्या नव्हत्या, नदीकाठ नव्हता. 2000 मध्येच ‘सेक्स अँड द सिटी’ या मालिकेतल्या कॅरी ब्रॅडशॉच्या अंगावर तो झगा दिसला आणि त्या दशकातल्या सगळ्यात ओळखल्या जाणाऱ्या कपड्यांपैकी एक झाला. आज तो नेसणाऱ्या किती जणींना ठाऊक असतं की याची सुरुवात कुठल्या पुलाखाली झाली? 2001 च्या ‘झूलँडर’ या विनोदी सिनेमात बेघरांवर बेतलेल्या एका फॅशन संग्रहाची टर उडवली आहे, तेवढीच काय ती आठवण लोकांच्या मनात राहिली.

इथे दुसऱ्या एका घराण्याचं वागणं शेजारी ठेवायला हवं. जानेवारी 1995 मध्ये रे कावाकुबोने आपल्या ‘कॉम दे गार्साँ’ या घराण्याच्या पुरुषांच्या संग्रहात पट्ट्यापट्ट्यांचे पायजमे आणले. नेमक्या त्याच दिवसांत आउश्वित्झची छावणी मुक्त झाल्याला पन्नास वर्षं होत होती. हे कपडे कैद्यांच्या गणवेशासारखे दिसतात असा आक्षेप ज्यू संघटनांनी घेतला. तसा हेतू नव्हता, असं कावाकुबोने सांगितलं आणि कपडे विक्रीतून काढून टाकले. शो झाला तो झाला, पण माल दुकानात गेला नाही.

डिओरकडून स्पष्टीकरण आलं आणि माल दुकानात गेला. मला या प्रकरणाचा कणा हा वाटतो. गालियानोच्या डोक्यात काय होतं यावर तासन्‌तास वाद घालता येतो. कंपनीच्या डोक्यात काय होतं ते दुकानाच्या काचेत दिसत होतं. शोमधलं जे बोचरं होतं ते काढून टाकलं, जे विकण्याजोगं होतं ते ठेवलं, आणि निदर्शनांनी झालेली प्रसिद्धी वर फुकट मिळाली.

या शिकवणीचा गालियानोवरही परिणाम झाला असणार. पुढच्या दहा वर्षांत शो आणखी भव्य होत गेले: जानेवारी 2004 चा इजिप्त, 2006 चा रक्ताच्या रंगात माखलेला फ्रेंच राज्यक्रांतीचा, 2007 चा जपानी. डिओर आणि स्वतःच्या नावाचं अशी दोन लेबलं मिळून वर्षाला बत्तीस संग्रह करावे लागत, असं त्याने नंतर सांगितलं. एप्रिल 2007 मध्ये त्याचा उजवा हात स्टीव्हन रॉबिन्सन गेला. काम थांबलं नाही.

2011: मग या वेळी वेगळं काय झालं

24 फेब्रुवारी 2011 च्या रात्री पॅरिसच्या मारे भागातल्या ‘ला पेर्ल’ या कॅफेत गालियानोने शेजारच्या टेबलावरच्या लोकांना ज्यूद्वेषी आणि वंशद्वेषी शिव्या दिल्या. पोलिसांनी ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी डिओरने त्याला निलंबित केलं. 28 तारखेला ‘द सन’ या ब्रिटिश वर्तमानपत्राने आधीच्या एका रात्रीची चित्रफीत प्रसिद्ध केली, त्यात तो हिटलर आपल्याला आवडतो असं बरळत होता. डिओरच्या अत्तराचा चेहरा असलेली अभिनेत्री नॅटली पोर्टमन हिने जाहीरपणे संबंध तोडल्याचं सांगितलं. 1 मार्चला बडतर्फीची घोषणा झाली. 4 मार्चला रोदँ संग्रहालयाच्या आवारात त्याचाच संग्रह त्याच्याविना दाखवला गेला. सुरुवातीला कंपनीचे प्रमुख सिडनी टोलेदानो यांनी भाषण केलं. त्यात गालियानोचं नाव नव्हतं, पण ख्रिस्तियन डिओरच्या बहिणीला नाझींनी छळछावणीत पाठवलं होतं याचा उल्लेख होता. शेवटी पांढरे कोट घातलेले कार्यशाळेतले शिवणकारागीर रॅम्पवर येऊन उभे राहिले. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने गालियानोला दोषी ठरवून सहा हजार युरोंचा दंड केला, तोही स्थगित ठेवला. 2009 मध्ये मिळालेला ‘लेजिआँ दॉनर’ हा किताब 2012 मध्ये काढून घेतला गेला.

दोन प्रकरणं एका तराजूत टाकता येणार नाहीत, हे आधीच सांगतो. समोर बसलेल्या माणसाला तोंडावर, त्याच्या वंशावरून शिव्या देणं आणि रॅम्पवर वाईट चवीचा देखावा मांडणं यांत मोठं अंतर आहे. पहिला फ्रान्समध्ये गुन्हा आहे, दुसरा नाही. डिओरने 2011 मध्ये केलं ते योग्यच केलं.

तरी कंपनी इतकी झपाट्याने का हलली, याची कारणं पाहण्यासारखी आहेत. कायदा होता. चित्रफीत होती. तक्रारदारांना नाव आणि वकील होते. कंपनीच्या अत्तराच्या जाहिरातीतली व्यक्ती स्वतः दुखावली होती, आणि ती जाहीर बोलली. 2000 मध्ये दुखावलेल्यांकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांच्यापैकी कुणी डिओरचं अत्तर विकत घेत नव्हतं, कुणी ते विकत नव्हतं. अकरा वर्षं एका माणसाला शिकवलं गेलं की तू काहीही कर, त्याची आम्ही पर्स करू. तो बेफाम झाला याची जबाबदारी त्याचीच. त्याने ती न्यायालयात दारूवर आणि गोळ्यांवर ढकलायचा प्रयत्न केला हेही खरं. पण ज्या घरात तो बेफाम झाला त्या घराचा हिशेब कुणी मागितला नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच वाचकांना डिओर आठवतं ते 30 मार्च 2023 च्या शोमुळे. गेटवे ऑफ इंडियासमोर भलंमोठं तोरण उभारलं होतं, मारिया ग्राझिया क्युरी तेव्हा प्रमुख होती. पॅरिसच्या घराण्यांचं भरतकाम मुंबईत होतं हे वर्षानुवर्षांचं सत्य तिने निदान नाव घेऊन मान्य केलं, मुंबईच्या ‘चाणक्य’ कार्यशाळेला श्रेय दिलं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव घेणं, एवढी साधी गोष्ट 2000 मध्ये सुचली नव्हती.

पुन्हा पुलाखाली

2014 मध्ये गालियानो मेझाँ मार्जिएलात आला. चेहरा न दाखवणाऱ्या, लेबलावर नाव न छापणाऱ्या मार्टिनच्या घरात हा झगमगाटी माणूस, यावर तेव्हा बरेच विनोद झाले. तिथला त्याचा 25 जानेवारी 2024 चा शो झाला तो सेनवरच्या पाँ अलेक्झांद्र त्र्वा या पुलाच्या कमानींखाली. जुन्या, कळकट रात्रीच्या क्लबचा देखावा, आधार छायाचित्रकार ब्रासाईने 1930 च्या दशकात टिपलेल्या रात्रीच्या पॅरिसचा. मॉडेल अडखळत, अंग चोरत, थंडीत कुडकुडल्यासारख्या चालल्या. कंबर कॉर्सेटमध्ये आवळलेली, चेहरे मेकअप करणाऱ्या पॅट मॅकग्राथने चिनीमातीच्या बाहुल्यांसारखे चकचकीत केलेले. शेवटी अभिनेत्री ग्वेंडोलिन क्रिस्टी आली. समीक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते, गेल्या कित्येक वर्षांतला सर्वोत्तम शो असं लिहिलं गेलं. मलाही तो अफाट वाटला.

आणि निदर्शनं करायला कुणी आलं नाही. नदी तीच, काठ तोच, विषय जवळजवळ तोच: रात्री रस्त्यावर उरलेली माणसं. फरक एवढाच की मध्ये ब्रासाई होता. नव्वद वर्षांपूर्वीची गरिबी कृष्णधवल छायाचित्रात गेली की तिला कलेचा मान मिळतो आणि तिच्यातल्या कुणाला दारावर येऊन जाब विचारता येत नाही. गालियानोही शहाणा झाला होता; या वेळी कमरेला बाटल्या नव्हत्या. डिसेंबर 2024 मध्ये त्याने मार्जिएला सोडलं.

डिओरने मात्र वर्तमानपत्र सोडलेलं नाही. 2018 मध्ये सॅडल पर्स परत आली. जून 2019 मध्ये डिओरचा तेव्हाचा पुरुषांच्या कपड्यांचा डिझायनर किम जोन्स याने आपल्या संग्रहात ते छापील कापड पुन्हा आणलं. ज्या माणसाला काढून टाकलं त्याची छपाई कंपनीची मालमत्ता म्हणून तिच्याकडेच राहिली, तर ज्यांच्या अंगावरून ती सुरू झाली त्यांचा त्यात कागदोपत्री कधी संबंधच नव्हता.

2000 चा शो रद्द व्हायला हवा होता असं मी म्हणणार नाही. त्यातलं उलटं अस्तर, उघडे धागे, वर्तमानपत्राचा पहिला ओबडधोबड झगा यांत खरं शिवणकाम होतं आणि खरा विचारही होता. बाटल्या काढायला हव्या होत्या, ते शोच्या आदल्या रात्री एका माणसाने सांगितलं असतं तरी झालं असतं. आणि निदर्शनांनंतर ते कापड दुकानात जायला नको होतं, किंवा गेलंच तर त्याच्या विक्रीतला वाटा दारात उभ्या राहिलेल्या संघटनांकडे जायला हवा होता. यातला दुसरा निर्णय गालियानोच्या हातात नव्हता. तो आर्नो आणि टोलेदानो यांच्या हातात होता, आणि गालियानोवर आजवर जेवढं लिहिलं गेलं त्याच्या दशांशही त्या निर्णयावर लिहिलं गेलेलं मला दिसलेलं नाही.